बेसचा ठोका पडला की अ‍ॅम्प गप्प: बोटीतल्या स्टिरिओचं नेहमीचं दुखणं

इंजिन चालू असताना सगळं ठणठणीत. नांगर टाकला, इंजिन बंद केलं, मंडळी पाण्यात उतरली, कोणीतरी आवाज वाढवला आणि बेसचा पहिला मोठा ठोका पडताच सबवूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) गप्प. दोन-तीन सेकंदांनी परत सुरू, पुढच्या ठोक्याला परत गप्प. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझा हात मल्टिमीटरकडे गेलेला असतो.

त्यामागोमाग दुसरं वाक्य येतं: "अ‍ॅम्प गेला वाटतं, नवीन घेऊ का?" नका घेऊ. निदान आज तरी नको. अशा वेळी अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरांना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, बहुधा निर्दोष असतो. त्याला पोटभर वीज मिळत नाही म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद होतो. त्याला बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नवा अ‍ॅम्पही त्याच ठोक्याला बंद पडेल.

लक्षणं आधी नीट बघा

"बंद पडतो" एवढ्यावर काही कळत नाही. कधी बंद पडतो, त्या वेळी बाकी काय चालू असतं, हे बघितलं तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

- ठोक्याला बंद, शांत गाण्यात चालू. इंजिन सुरू केलं की तक्रार गायब.
- सब बंद पडतो, पण वेगळ्या अ‍ॅम्पवरचे स्पीकर वाजत राहतात.
- ठोक्याबरोबर हेड युनिटचा (स्टिरिओच्या मुख्य डब्याचा) डिस्प्ले मंदावतो, किंवा ते स्वतःच रीस्टार्ट होतं आणि ब्लूटूथ तुटतं.
- गाणं लावायच्या आधीच अ‍ॅम्पवर प्रोटेक्टचा (स्वतःला वाचवायला बंद झाल्याचा) लाल दिवा.
- अर्धा-पाऊण तास उत्तम, मग बंद. थंड झाल्यावर परत चालू.
- बंद काहीच पडत नाही, पण बेस कुठे गेला ते कळत नाही.
- इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी.

पहिली तीन म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. चौथं लक्षण दिसलं तर बॅटरीकडे जाऊच नका, स्पीकरच्या वायरी तपासा. पाचवं उष्णतेचं किंवा चुकीच्या ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप). सहावं बहुतेक वेळा उलट्या जोडलेल्या वायरीचं. शिट्टीचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर शेवटाकडे थोडं लिहितो.

थोडा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही

समजा सबचा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, अ‍ॅम्प ५०० वॅट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या ताकदीचा) आहे. क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा अ‍ॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण ताकदीच्या ठोक्याला तो ६२५ वॅट खेचतो. १२.५ व्होल्टला भागा: ५० अँपिअर. अ‍ॅम्प बॅटरीपासून पाच मीटरवर असेल तर वीज पाच मीटर जाते आणि पाच मीटर परत येते, म्हणजे वायर दहा मीटर. येणारी वायर मोजून परतीची विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे.

६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने हे दहा मीटर केले असतील, तर ५० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. नांगरावर, ठोका पडताना बॅटरी ११.९ व्होल्टवर आली असेल तर अ‍ॅम्पपाशी उरले १०.४. वाटेत एक गंजलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) असेल तर आणखी अर्धा व्होल्ट गेला, उरले ९.९. पुष्कळ अ‍ॅम्प १० व्होल्टच्या आसपास कमी व्होल्टेजमुळे बंद होतात. तुमच्या अ‍ॅम्पचा नेमका आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आता इंजिन सुरू करा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं जनित्र, बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास नेतो. तेच दोन व्होल्ट वाटेत गेले तरी अ‍ॅम्पला १२ मिळतात, तो मजेत वाजतो. वायर तितकीच खराब आहे, फक्त झाकली गेली. "इंजिन चालू असताना ठीक आहे, म्हणजे वायरिंग ठीक आहे" असं कोणी म्हणालं की त्याला हा हिशेब दाखवा.

हत्यारं फार लागत नाहीत. मल्टिमीटर, दोन-चार पाने, तारेचा ब्रश, टॉर्च, आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली आठ-दहा मीटर बारीक वायर. ही शेवटची गोष्ट कोणाकडेच नसते आणि सगळ्यात जास्त कामाला तीच येते.

पहिली तपासणी: नुसते डोळे आणि हात

अ‍ॅम्पचं झाकण किंवा लॉकर उघडा आणि दिवा कधी बदलतो ते बघा. ठोक्यालाच लाल होतो की चालू केल्या केल्या? अ‍ॅम्पवर तळहात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल इतका तापला असेल तर तो व्होल्टेजने नाही, उष्णतेने बंद होतोय. मग तो कुठे बसवलाय ते बघा: उशांखाली, लाइफ जॅकेटांच्या ढिगात, बंद पेटीत? अ‍ॅम्पच्या अंगावरच्या धातूच्या उभ्या पट्ट्यांना हवा लागते. उभा बसवला आणि भोवती वितभर जागा ठेवली तर गरम हवा आपोआप वर निघून जाते. उलटा टांगलेला अ‍ॅम्प स्वतःचीच उष्णता पांघरून बसतो.

मग नॉब बघा. बेस बूस्ट शून्यावर आणा. हा नॉब निरुपद्रवी दिसतो, पण ३ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडून दुप्पट ताकद मागितली जाते आणि ६ डेसिबलला चौपट. वर हिशेबात धरलेले ५० अँपिअर काही अ‍ॅम्पना या एका नॉबमुळेच लागतात. गेन हा व्हॉल्यूमचा नॉब नाही, हेही सांगून ठेवतो. हेड युनिटचा सिग्नल जेवढा येतो त्याच्याशी अ‍ॅम्प जुळवून घ्यायला तो असतो. हेड युनिट तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे या. तिथेच ठेवा.

बोटीवर बेस कमी वाटतो हे खरं आहे. मोटारीत बंद काचांमुळे बेस भरून येतो, उघड्या डेकवर तो हवेत विरतो. म्हणून लोक गेन आणि बूस्ट दोन्ही टोकाला नेतात. छोट्या स्पीकरांना ८० हर्ट्झखालचं काही देऊच नका, हाय-पास फिल्टर लावा; खालचं काम सबचं. साडेसहा इंची स्पीकरला उघड्यावर ४० हर्ट्झ वाजवायला लावणं म्हणजे अ‍ॅम्पची वीज वाया आणि स्पीकरची कॉइल धोक्यात.

निम्म्या वेळा बूस्ट शून्यावर आणल्यावर बोटमालक म्हणतो, "अरे, आता बंद नाही पडत." पण दुखणं तिथे संपलं असं समजू नका. व्होल्टेज मोजाच.

दुसरी: बॅटरी

चार्जर आणि इंजिन बंद करून काही तास झाल्यावर बॅटरीच्या खांबांवर (वायरी जोडायच्या टोकांवर) मोजा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. लिथियमला ही पट्टी लागू नाही, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं.

मग तक्रार होते तेवढ्या आवाजात सिस्टिम वाजवा आणि परत मोजा. बॅटरी ११.५ च्या खाली कोसळत असेल तर पुढे वायरी शोधण्यात अर्थ नाही, बॅटरी रिकामी तरी आहे किंवा म्हातारी तरी झाली आहे. कित्येकदा तीही चांगली असते, फक्त स्टिरिओ चुकीच्या बॅटरीवर असतो. बॅटरी स्विच १ वर आहे की २ वर ते बघा. गाण्यांसाठी घरची, म्हणजे हाउस बॅटरी. इंजिन सुरू करायची बॅटरी त्यापासून वेगळी. शंभर अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी तिच्या आयुष्याचा विचार करून निम्मीच वापरायची असते. सरासरी २० अँपिअर खेचणारी सिस्टिम त्यात अडीच तास वाजते, बस. ज्याला दिवसभर पार्टी करायची आहे त्याला बॅटरी वाढवणं भाग आहे, त्याला वायरिंगचा इलाज नाही.

एक ताकीद: इंजिन चालू असताना बॅटरी स्विच ऑफमधून फिरवू नका. अल्टरनेटरचा भार एकदम तुटला तर त्याचे डायोड जातात.

तिसरी: वाटेत किती व्होल्ट हरवतात

ही तपासणी फुकट आहे, दहा मिनिटांची आहे आणि बहुतेक लोक हीच गाळतात. बॅटरी आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये व्होल्टेज कुठे गळतंय ते हिच्यामुळे थेट कळतं, अंदाज करावा लागत नाही.

बेसचे ठोके मल्टिमीटरला झेपत नाहीत, आकडा नाचतो. म्हणून फोनवरून ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, मोठा पण अ‍ॅम्प बंद न पडेल इतका. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, सलग सुराने सबची कॉइल तापते. मीटरवर किमान आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर गाण्यावरही काम होतं.

पहिल्यांदा सूर चालू असताना अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह टर्मिनलवर मोजा, आणि लगेच बॅटरीच्या खांबांवर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेतली गळती. नौकांच्या वायरिंगसाठी अमेरिकेतल्या एबीवायसी संस्थेचे मानदंड पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात महत्त्वाच्या सर्किटांना ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्के घट चालते. १२ व्होल्टवर ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. स्टिरिओला मानदंडाप्रमाणे १० टक्के चालतील, अ‍ॅम्पला नाही चालत. मी सबच्या अ‍ॅम्पला अर्ध्या व्होल्टच्या आत आणल्याशिवाय हात धूत नाही.

फरक जास्त आला तर आता ती लांब वायर काढा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, लांब वायरीने दुसरं टोक अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हवर. सूर वाजवा. मीटर जे दाखवेल ते फक्त पॉझिटिव्ह बाजूचं नुकसान. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह. दोन्ही सारखे आणि दोन्ही मोठे असतील तर वायर बारीक आहे. एकच मोठा असेल तर त्या बाजूला कुठेतरी सांधा खराब आहे. खांबापासून सुरुवात करून फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, स्विचच्या अलीकडे, पलीकडे असं टप्प्याटप्प्याने सरकत गेलं की एका उडीत आकडा वाढतो. चोर तिथे.

माझ्या अनुभवात तो निगेटिव्ह बाजूला जास्त सापडतो. मोटारीचं वायरिंग शिकलेला माणूस पॉझिटिव्ह जाड आणतो आणि निगेटिव्ह जवळच्या कुठल्यातरी धातूला आवळून मोकळा होतो. मोटारीला लोखंडी बॉडी असते, फायबरच्या बोटीला नसते. निगेटिव्हही तितक्याच जाडीची, थेट बॅटरीपर्यंत किंवा मुख्य निगेटिव्ह बसबारपर्यंत (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) न्यावी लागते. इंजिनाचा ब्लॉक, रेलिंग, हुलमधून (बोटीच्या अंगातून) बाहेर जाणारी धातूची फिटिंग यांना कधीही नाही. भटका विद्युत प्रवाह पाण्यातला धातू खायला लागतो.

एका बोटीवर मालकाने माझ्या आधीच नवा अ‍ॅम्प आणून बसवला होता आणि तक्रार जशीच्या तशी होती. बॅटरीपाशी निगेटिव्ह लग चकचकीत, नट घट्ट. अ‍ॅम्पपाशीही तसंच. तरी निगेटिव्ह बाजूला १.३ व्होल्ट हरवत होते. पॅनेल उघडत गेलो. डाव्या बाजूच्या लॉकरमागे वायर कमी पडली म्हणून कोणीतरी दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेपचा गोंद पाघळून मधासारखा हाताला लागत होता. टेप सोलली तर आतल्या तारा काजळी धरल्यासारख्या काळ्या, मध्ये मध्ये हिरवी पूड, आणि वायर वाकवली की कुरकुर वाजत होती. दोन्हीकडून इन्सुलेशन सोलत गेलो. तांबडं तांबं दिसायला एका बाजूला जवळजवळ हातभर जावं लागलं. खारं पाणी तारांच्या मधून केशनळीसारखं चढतं, ते टेपला विचारत नाही. ती अख्खी वायर बदलली, मालकाचा जुना अ‍ॅम्प परत लावला, तो अजून वाजतोय. नवा त्याने कपाटात ठेवलाय.

चौथी: सांधे, फ्यूज, स्विच

आता बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, मगच पाना चालवा. पान्याचं दुसरं टोक चुकून कशाला टेकलं तर वितळलेल्या धातूचा शिंतोडा उडतो.

प्रत्येक लग काढा, तारेच्या ब्रशने खांब आणि लगाची दोन्ही तोंडं चकचकीत करा, सगळ्यात जास्त अँपिअर वाहणारा लग सगळ्यात खाली बसवा. बॅटरीवरचे हाताने फिरवायचे पंखवाले नट काढून साधे षटकोनी नट लावा. लाटांच्या हादऱ्याने पंखवाले ढिले होतात. एका खांबावर चारपेक्षा जास्त लग चढवू नका, बसबार लावा. नंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. आधी नाही.

एक सांधा ०.०२ ओहमचा झाला तर ५० अँपिअरला तिथे एक व्होल्ट जातो आणि ५० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या छोट्या डागणीएवढी ती उष्णता, प्लॅस्टिकच्या फ्यूज होल्डरमध्ये. होल्डर पिवळा पडलाय, एका कडेला वाकलाय, काच धुरकट झालीय असं दिसलं की तो बदला, घासत बसू नका.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सात इंचांच्या, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरच्या आत हवा, असा ढोबळ नियम आहे. फ्यूज वायरीचा रखवालदार असतो, अ‍ॅम्पचा नाही. वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर अ‍ॅम्पजवळचा फ्यूज बघत बसतो आणि वायर पेटते. म्हणूनच फ्यूज उडतो म्हणून त्याहून मोठा टाकणं हा मूर्खपणा आहे, आणि बोटीवर पळून जायला जागा नसते.

पाचवी: वायरच बदलायची वेळ

दोन्ही बाजू सारख्या गळत असतील तर सांधे घासून उपयोग नाही. वरच्याच उदाहरणात, दहा मीटर जाण्या-येण्याच्या लांबीला आणि ५० अँपिअरला १६ चौरस मिलिमीटरने साधारण ०.५५ व्होल्ट जातात आणि २५ ने ०.३५. स्वतःचे आकडे काढायला: ०.०१७५ गुणिले एकूण मीटर, भागिले चौरस मिलिमीटर, गुणिले अँपिअर. झालं.

वायर घेताना ती तांब्याचीच आहे ना, हे तपासा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी सेटमध्ये खपवल्या जातात. त्या जाड दिसतात, पण रोध दीडपटीहून जास्त, आणि खाऱ्या हवेत लवकर मरतात. एक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. बोटीसाठी योग्य, कथिलाचा मुलामा दिलेली तार बाहेरून चंदेरी आणि आतून तांबडी. नकली तार बाहेरून तांबडी, आतून चंदेरी. बरोबर उलट.

लग वायरीवर दाबून बसवायला खरं क्रिंपिंग टूल लागतं. हातोडी, पक्कड, व्हाइस यांनी दाबलेला लग आज घट्ट वाटतो आणि वर्षभरात नखाने फिरतो. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. नुसत्या सोल्डरवर जड वायर सोडू नका. सोल्डर झिरपलेली वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते.

लाल दिवा आधीपासूनच असेल तर

मग वरचं सगळं सोडा आणि अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी अ‍ॅम्पपासून काढा. नुसता अ‍ॅम्प चालू करा. दिवा हिरवा झाला? दोष बाहेर आहे. एकेक जोडी परत लावत जा, दर वेळी अ‍ॅम्प बंद करून. ज्या जोडीला लाल होईल ती जोडी दोषी. लालच राहिला तर सिग्नलची आरसीए वायर काढून बघा. तरीही लाल, तर या खेपेला संन्यासी खरंच चोर निघाला.

दोषी जोडी मीटरने मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर डीसीवर ३.२ ते ३.६ च्या आसपास दाखवतो. एकाच्याही खाली आला तर शॉर्ट. वायरीचं एक टोक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा: जोडणी अजिबात दिसायला नको. दिसली तर वायर कुठल्यातरी कडेला घासून उघडी पडलीय. टॉवरवर (बोटीवरच्या पाइपांच्या कमानीवर) बसवलेल्या स्पीकरांत पाइपाच्या तोंडाशी, जिथे वायर रबरी कड्याशिवाय आत जाते, तिथे आधी बघा.

सबच्या ओहमचा गोंधळ फार होतो. दोन कॉइलचा, प्रत्येकी ४ ओहमचा सब समांतर जोडला तर २ ओहम, एकापुढे एक जोडला तर ८. अ‍ॅम्पला ४ ओहमची मर्यादा असताना २ दिले की तो थोडा वेळ जोरात वाजतो, तापतो आणि झोपतो. ब्रिज केलेल्या दोन चॅनेलांवर ४ ओहम लावले तर प्रत्येक चॅनेलला ते २ ओहमच वाटतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

बेस नुसताच गायब असेल तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून काढून, प्लसला प्लस, क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उसळला पाहिजे. एक बाहेर आणि त्याचा जोडीदार आत जात असेल तर ते एकमेकांचा बेस खातात. दोन कॉइलच्या सबमध्ये एक कॉइल उलटी असेल तर तो हलतच नाही आणि लोक त्याला जळलेला समजतात.

रिमोटची वायर

हिला वेगळी तपासणी म्हणायचं कारण नाही, पण चकवा देते. निळी, पांढऱ्या पट्ट्याची बारीक वायर. हेड युनिट चालू झालं की तिच्यावरून १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प जागा होतो. अ‍ॅम्प बंद पडताना लाल दिवा न लागता सगळेच दिवे विझत असतील, तर हिच्यावर संशय घ्या. हलवून बघा. एकाच वायरीवर चार अ‍ॅम्प आणि वर दिव्यांची पट्टी टांगली असेल तर मध्ये रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा स्विच) घाला.

शिट्टी

अल्टरनेटरची शिट्टी बहुधा दोन ठिकाणच्या निगेटिव्हमुळे येते. हेड युनिटचा निगेटिव्ह एकीकडे, अ‍ॅम्पचा दुसरीकडे, आणि मधला फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो. दोन्ही एकाच बसबारवर आणा. आरसीए जड वायरींपासून दूर न्या. छेद द्यायलाच लागला तर काटकोनात. फिल्टर विकत घेणं शेवटचा उपाय.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पेट्रोलचा वास आला तर लगेच. मीटर लावायचा नाही, स्विच दाबायचा नाही, झाकणं उघडून हवा आधी. पेट्रोल इंजिनाच्या किंवा टाकीच्या कप्प्यात आग न पेटवणारी, त्यासाठी प्रमाणित उपकरणंच चालतात, आणि स्टिरिओचे अ‍ॅम्प सहसा तसे नसतात. कोणी तुमचा अ‍ॅम्प तिथे बसवला असेल तर तो वाजो न वाजो, तिथून हलवून घ्या.

पॅनेलमागे किनाऱ्यावरच्या विजेच्या, म्हणजे ११० किंवा २३० व्होल्टच्या वायरी डीसीच्या शेजारी दिसल्या तर हात मागे घ्या. काही बोटींवर डीसीची निगेटिव्ह काळी असते, आणि अमेरिकी पद्धतीत एसीची जिवंत वायरही काळीच. त्या गोंधळावर उपाय म्हणून डीसी निगेटिव्ह पिवळी करायचा रिवाज आला. रंगावर विश्वास ठेवून काळी वायर कापू नका.

बॅटरी फुगलेली, गरम, किंवा सडक्या अंड्याचा वास येणारी. बरोबर मापाचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, आणि कारण सापडलं नाही. वितळलेलं इन्सुलेशन वायरींच्या गठ्ठ्यात शिरलेलं. लिथियम बॅटरीचा बीएमएस (तिला सांभाळणारं आतलं सर्किट) आपणहून वीज तोडतोय. पाण्याखालचे झिंक (बाकीचा धातू वाचवायला आधी झिजणारे जस्ताचे तुकडे) नेहमीपेक्षा फार लवकर झिजतायत. यातलं काहीही स्टिरिओचं काम नाही, बोटीच्या इलेक्ट्रिशियनचं आहे. बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) वायरींना तर स्टिरिओच्या कामात हातच लावू नका. त्या सहसा थेट बॅटरीवर असतात, आणि तशाच राहू द्या.

अ‍ॅम्प खरंच गेलाय का हे ठरवायला एक मोजणी आहे. स्पीकर काढलेले, गाणं बंद, अ‍ॅम्प चालू: एका चॅनेलच्या प्लस आणि मायनसमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक. एखादा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर आतला आउटपुट गेलाय. त्याला स्पीकर लावू नका, लावलात तर तोही जाईल. अ‍ॅम्प उघडणं माझं काम नाही, बोटमालकाचंही नाही.

जाणकाराला फोन कराल तेव्हा "बंद पडतो" सांगू नका, आकडे सांगा. नुसत्या बॅटरीवर इतके, सूर वाजवताना बॅटरीवर इतके, अ‍ॅम्पवर इतके, पॉझिटिव्ह बाजूला इतके हरवले, निगेटिव्हला इतके. मी स्वतः हे पाच आकडे तारखेसह मार्करने अ‍ॅम्पच्या लॉकरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवतो. पुढच्या मोसमात तेच परत मोजायचे. निगेटिव्हचा आकडा ०.१ वरून ०.३ वर गेलेला दिसला की कुठला लग आधी उघडायचा ते मला अ‍ॅम्प बंद पडायच्या आधीच कळतं.